मालगुजारी तलावांचे पुनरुज्जीवन

पूर्व विदर्भातील जुन्या सिंचन-तलावांत पाणवनस्पती, स्थानिक मासे व पक्षी परत आणण्याचे आणि त्यातूनच ढिवर समाजाची मासेमारी सावरण्याचे काम. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. त्यांपैकी बरेचसे गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने धानशेतीसाठी बांधले. नवेगावबांध त्यांत सर्वांत ख्यातनाम. 1950 च्या कायद्याने मालगुजारी (जमीनदारी) गेली, तलाव सरकारजमा होऊन ‘मामा’ (माजी मालगुजारी) तलाव ठरले आणि गावाची देखरेख सैल झाली.

पुढे तलाव गाळाने उथळ झाले, काठांवर बेशरम हे झुडपी तण माजले. उत्पादन वाढावे म्हणून रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले गेले. पाणगवतावर जगणारा ग्रास कार्पही आला. पाणवनस्पती संपल्या की स्थानिक माशांना अंडी घालायला व पिलांना लपायला जागा उरत नाही. तरंगत्या पानांवर घरटे करणाऱ्या कमळपक्ष्याचेही तेच. म्हणजे ढिवराचे जाळे आणि पक्ष्याचे घरटे एकाच कारणाने रिकामे राहते.

या दुव्यावर नेमके बोट ठेवले ते अर्जुनी-मोरगाव परिसरातील भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्याचे कार्यकर्ते मनीष राजनकर यांनी. कोणती वनस्पती किती खोल पाण्यात वाढते, कोणता मासा तिच्या आधाराने राहतो, हे ज्ञान ढिवरांकडेच होते. कामाचा आराखडा त्यावरून ठरला. बेशरम मुळासकट उपटणे, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरणे आणि पाणी भरू लागल्यावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावणे, हा त्याचा क्रम. जांभळी गावच्या नवतलावावरचे काम विशेष उल्लेखनीय. त्यात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. मरळीसारखा स्थानिक मासा घरच्या कालवणालाही लागतो, हे त्यामागचे साधे कारण.

अडचण मालकीची आहे: सिंचन एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, तर पक्षी वनखात्याच्या अखत्यारीत. शिवाय सरकारी दुरुस्ती बहुधा गाळ काढण्यापाशीच थांबते. यंत्राने सरसकट खोल खणलेल्या तलावात काठचा उथळ उतार नाहीसा होतो आणि पाणवनस्पती मुख्यतः तिथेच रुजतात. अशी दुरुस्ती पाणीसाठा वाढवते. पण पाणथळ म्हणून तलावाचे नुकसानच करते.