पोटातला पट्टा कुणासाठी?

मैत्रिणींनो, वजन उतरावं म्हणून पोटात पट्टा बसवतात, तो आपल्याला चालेल का, असं गटाच्या बैठकीत आम्हाला विचारलं जातं. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

अमेरिकेत डॉ. लुबोमिर कुझमाक यांनी १९८६ मध्ये सिलिकॉनचा, घट्ट-सैल करता येणारा पट्टा पुढे आणला. जठराच्या वरच्या भागाला तो कड्यासारखा बसतो. कातडीखाली एक छोटी डबी असते. तिच्यात सुईने सलाइन भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये डॉ. मितिकू बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीने बसवला. त्यांचा जन्म इथिओपियाचा.

अशी शस्त्रक्रिया कुणाची करावी, याची रेषा अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १९९१ मध्ये आखली. पाच फूट उंचीच्या बाईला २०२२पर्यंत ती सुमारे ९३ किलोला लागत होती. मधुमेहासारखा आजार जोडीला असेल तर ८१ला. आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून इकडे रेषा त्याहून खाली धरतात.

पण नुसत्या काट्यावर ठरवणं पुरलं नाही. पट्टा सरकतो, कधी जठरात रुततो. कित्येकींना तो काढून टाकावा लागला, आणि आता बहुतेक सर्जन दुसऱ्या शस्त्रक्रियांकडे वळलेत.

म्हणून वजनाच्या आधी आम्ही विचारतो: पट्टा आवळायला-सोडायला वर्षानुवर्षं शहराच्या दवाखान्यात कोण नेणार? गाडीभाडं कोण देणार? उलट्या थांबेनात, तर रात्री कुठे जाणार?