जांभळ्या झग्याशिवाय

इ. स. 390 सरत आलंय. मिलानच्या चर्चमध्ये तुम्ही दाराशीच उभे आहात, कारण याहून पुढे जायची तुमची ऐपत नाही. तेलाच्या दिव्यांचा धूर डोळ्यांत जातोय. शेजारची बाई कोपरानं ढोसते, ‘तो बघा.’

फरशीवर एक माणूस पालथा पडलाय. अंगावर ना जांभळा झगा, ना कुठलं राजचिन्ह. चारचौघांत रडणारा हा रोमचा सम्राट थिओडोसियस.

बिशप अ‍ॅम्ब्रोज दारात आडवा उभा राहून सम्राटाला परतवतोय, हा चित्रकारांचा लाडका प्रसंग. तो शोधू नका. खरा अ‍ॅम्ब्रोज आजाराचं निमित्त काढून शहराबाहेर गेला आणि स्वतःच्या हातानं पत्र लिहून मोकळा झाला: दावीद राजानंही पाप केलं होतं, पण कबूल केलं, तू समोर असशील तर मला मिस्सा अर्पण करवणार नाही. पत्र एकट्या सम्राटाच्या डोळ्यांसाठी होतं. माणूस मुरलेला, बिशप होण्याआधी प्रांताचा कारभार हाकलेला.

कारण थेस्सलनीका शहर. तिथे लोकांच्या लाडक्या सारथ्याला कैद झाली, दंगल पेटली, सेनापती बुथेरिक मारला गेला. सम्राटानं लोकांवर सैन्य सोडलं. हुकूम मागे घेतला तोवर उशीर झाला होता. पुढच्या शतकातला इतिहासकार थिओडोरेट मेलेल्यांचा आकडा सात हजार देतो.

‘बाप्तिस्माही तिथेच झाला होता ना त्याचा?’ बाई पुटपुटते. खरंय, 380 साली, जिवावरच्या दुखण्यात. ती भलत्याच नाजूक जागी बोट ठेवते. बाप्तिस्म्यानं मागची पापं धुतली जातात, म्हणून पुष्कळजण तो मरेपर्यंत लांबवतात. सम्राट कॉन्स्टंटाइननं तेच केलं. थिओडोसियसचं ते पाणी वापरून झालंय. आता उरलंय सगळ्यांदेखत करायचं प्रायश्चित्त, आणि तेही जन्मात एकदाच. पाद्र्याच्या कानात पुन्हापुन्हा कबुली देण्याची सोय अजून शतकं दूर आहे.

प्रभुभोजनाची वेळ होते. लोक पुढे सरकतात. त्याला त्यांच्यात जागा नाही. नाताळाच्या सुमारास अ‍ॅम्ब्रोज त्याला पुन्हा जवळ करील.

‘पण थेस्सलनीकेतल्या आयांना कोणी विचारलं?’ तुम्ही न राहवून बोलता.

बाई डोक्यावरचं वस्त्र सारखं करते. ‘याच्या आधीचे तर रडलेही नव्हते,’ म्हणते आणि रांगेत शिरते.