मेरुरज्जूभोवतीचा उत्स्फूर्त रक्तस्राव

मेरुरज्जूभोवतीचा उत्स्फूर्त रक्तस्राव म्हणजे अपघात, शस्त्रक्रिया किंवा पाठीतील इंजेक्शन असे कोणतेही बाह्य कारण नसताना पाठीच्या कण्याच्या पोकळीत रक्त साचून मेरुरज्जूवर दाब येण्याचा विकार होय. हा विकार दुर्मीळ असून त्याच्या प्रमुख प्रकाराचे प्रमाण दर वर्षी दहा लाख लोकांमागे सुमारे १ मानले जाते. दाब वेळेत दूर न झाल्यास हातापायांची शक्ती कायमची जाऊ शकते.

स्वरूप व कारणे

मेरुरज्जूच्या सर्वांत बाहेरच्या जाड आवरणास दृढतानिका म्हणतात. बहुतेक रुग्णांत रक्त या आवरणाच्या बाहेर, मणक्यांच्या बाजूस साचते. या प्रकाराचे पहिले वर्णन १८६९ मध्ये जॅक्सन यांनी केले. तेथील शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. त्यामुळे जोराचा खोकला, कुंथणे किंवा जड ओझे उचलणे यांनी वाढलेला दाब थेट शिरांवर येतो. वॉरफेरिन, ॲसिनोकूमारॉल यांसारखी रक्त गोठण्यास अटकाव करणारी औषधे, हिमोफिलिया, बिंबाणूंची कमतरता आणि रक्तवाहिन्यांची जन्मजात विकृती ही इतर कारणे होत. अनेक रुग्णांत मात्र निश्चित कारण सापडत नाही.

लक्षणे

मानेत किंवा पाठीत अचानक तीव्र कळ येते. ती हातात, पायात किंवा छातीभोवती पट्ट्यासारखी पसरते. त्यानंतर काही मिनिटांत वा तासांत बधिरता, अशक्तपणा आणि लघवी अडणे ही लक्षणे दिसू लागतात. मानेतील रक्तस्रावात कधी शरीराची एकच बाजू लुळी पडते आणि पक्षाघाताचा समज होतो. अशा वेळी गुठळी विरघळवणारे औषध दिल्यास रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. चेहरा व वाचा शाबूत असणे आणि मानेत तीव्र वेदना असणे या खुणा निदानास दिशा देतात.

निदान

एमआरआय ही निदानाची मुख्य तपासणी होय. तिच्यातून रक्ताची जागा, लांबी आणि मेरुरज्जूवरील दाब समजतो. साध्या क्ष-किरण चित्रात हा रक्तस्राव दिसत नाही. सीटी स्कॅन निर्दोष आले तरी विकार नाही असे ठरत नाही. सोबत बिंबाणूंची संख्या व रक्त गोठण्याचा काळ तपासतात.

उपचार

मणक्याची मागील कमान काढून साचलेले रक्त बाहेर काढणे, म्हणजे लॅमिनेक्टॉमी, हा मुख्य उपचार आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णात किती शक्ती शिल्लक होती आणि लक्षणांपासून किती वेळ गेला, यांवर सुधारणा अवलंबून असते. पहिल्या १२ तासांत दाब दूर झाल्यास फलित अधिक चांगले मिळते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम जीवनसत्त्व के किंवा रक्त गोठवणारे घटक देऊन उलटवतात. लक्षणे सौम्य असतील किंवा आपोआप झपाट्याने ओसरत असतील, तर शस्त्रक्रिया न करता रुग्णास कडक निरीक्षणाखाली ठेवता येते. पुढे भौतिकोपचार, मूत्राशयाची निगा आणि शय्याव्रण टाळणे महत्त्वाचे असते.

बारामती व इंदापूर परिसर

पुणे जिल्ह्यातील हे दोन्ही तालुके ऊसशेतीचे आहेत. ऊसतोडणी व मोळ्यांची वाहतूक करणाऱ्यांत पाठदुखी नित्याची असल्याने अचानक आलेली कळही श्रमाची समजली जाण्याचा संभव असतो. बारामती येथे २०१९ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. इंदापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु या स्तरावरील रुग्णालयांत मेरुरज्जूवरील शस्त्रक्रियेची सोय सहसा नसते. पुणे शहर बारामतीपासून सुमारे १०० आणि इंदापूरपासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. इंदापूरहून सोलापूर सुमारे ११० किलोमीटरवर पडते. प्रवासातच दोन-तीन तास जात असल्याने पहिल्या तपासणीत पायांची शक्ती, संवेदना व लघवीची स्थिती पाहणे निर्णायक ठरते. लक्षणे सुरू झाल्याची वेळ व चालू औषधांची नावे चिठ्ठीत नोंदवून, पुढील रुग्णालयास आधी कळवून रुग्ण पाठवल्यास तेथील विलंब टळतो. राज्यात २०१४ पासून चालणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा विनामूल्य आहे.