यहोशवा

यहोशवा : मोशेनंतरचा इस्राएली लोकांचा पुढारी व जुन्या करारातील सहाव्या ग्रंथाचा नायक. एफ्राईम वंशातील नूनाचा मुलगा. मोशेने लोकांना इजिप्तच्या दास्यातून बाहेर काढले. त्यांना यार्देन नदीपलीकडे कनान देशात नेऊन वसवण्याचे काम यहोशवाकडे आले. ख्रिस्ती परंपरेत तो धैर्याचा व ध्येयनिष्ठेचा आदर्श मानला जातो. त्याच्या काळाविषयी एकमत नाही. पहिले राजे या ग्रंथातील ४८० वर्षांचा हिशोब प्रमाण धरणारे त्याला इ.स.पू. पंधराव्या शतकाच्या अखेरीस नेतात, तर इतर अनेक अभ्यासकांचा कल तेराव्या शतकाकडे आहे. त्याच्या ऐतिहासिकतेबद्दलही मतभेद आहेत.

नाव : मूळ नाव होशेय (‘तारण’). मोशेने ते बदलून यहोशवा (‘परमेश्वर तारण करतो’) असे ठेवल्याचे गणना १३:१६ मध्ये सांगितले आहे. उत्तरकालीन हिब्रूत या नावाचे ‘येशूआ’ असे आखूड रूप रूढ झाले. जुन्या कराराच्या सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात ते ‘ईसूस’ म्हणून आले आणि नव्या करारात नासरेथच्या येशूचे ग्रीक नावही अक्षरशः हेच आहे. त्यामुळे इब्री ४:८ व प्रेषितांची कृत्ये ७:४५ या दोन ठिकाणी नाव कोणाचे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. १६११ च्या इंग्रजी ‘किंग जेम्स’ भाषांतरात दोन्ही जागी ‘जीझस’ असेच छापले आहे. मराठीत येशू व यहोशवा ही रूपे इतकी दूर गेली आहेत, की हे नामसाम्य वाचकाच्या कानाला जाणवत नाही. मात्र यहोशवासंबंधीचे प्राचीन ख्रिस्ती विवरण मुख्यतः याच नामसाम्यावर उभे आहे.

चरित्र : यहोशवा प्रथम दिसतो तो रफीदीम येथील अमालेकी लोकांबरोबरच्या लढाईत (निर्गम १७). वंश किंवा पूर्ववृत्त न सांगता मोशे त्याला माणसे निवडायला फर्मावतो. पुढे तो मोशेचा सेवक म्हणून वावरतो. मोशे दर्शनमंडपातून छावणीत परतला, तरी हा तरुण मंडपातून हलत नसे. छावणीत दोघे जण संदेश देऊ लागले, तेव्हा गुरूच्या अधिकाराला बाध येतो असे वाटून त्याने त्यांना थांबवायला सांगितले. यावर मोशेने त्यालाच समज दिली (गणना ११). कनान देश हेरायला गेलेल्या बारा जणांत तो होता. ४० दिवसांनी परतल्यावर दहा जणांनी, तिथले लोक धिप्पाड आहेत, आपला निभाव लागणार नाही, असे सांगितले. यहोशवा व कालेब या दोघांनीच पुढे जाण्याचा आग्रह धरला आणि लोक त्यांना दगडमार करायला निघाले. मोशेने मृत्यूपूर्वी सर्वांसमक्ष त्याच्यावर हात ठेवून त्याला वारस नेमले.

यहोशवाच्या ग्रंथात २४ अध्याय आहेत. पहिल्या बारांत यार्देन ओलांडणे, यरीहोचा पाडाव, आय येथील पराभव व नंतरचा विजय, गिबोनकरांशी तह, दक्षिण व उत्तर मोहिमा आणि शेवटी जिंकलेल्या ३१ राजांची यादी येते. पुढील दहा अध्याय मुख्यतः जमिनीच्या वाटपाचे व गावांच्या शिवांचे आहेत. सर्वांचे वाटप झाल्यावर यहोशवाने स्वतःसाठी तिम्नाथ-सेरह हे डोंगराळ गाव मागून घेतले. शेवटच्या दोन अध्यायांत त्याची निरोपाची भाषणे व शखेम येथील करार आहे. तो ११० वर्षांचा होऊन वारला.

ग्रंथकर्त्याचा एक शब्दभेद लक्षात घेण्याजोगा आहे. आरंभी मोशेला ‘परमेश्वराचा दास’ व यहोशवाला केवळ ‘मोशेचा सेवक’ म्हटले आहे. यहोशवाला पहिली पदवी मिळते ती शेवटच्या अध्यायात, मृत्यूची नोंद करताना.

धैर्याचा आदेश : पहिल्या अध्यायात ‘बळकट हो, हिंमत धर’ या आशयाची आज्ञा चार वेळा येते. तीन वेळा ती देव देतो (१:६, ७, ९) आणि चौथ्या वेळी लोक देतात (१:१८). हिब्रूतील दोन क्रियापदे ‘हाझाक’ व ‘आमात्स’ अशी आहेत. पहिल्यात घट्ट पकडण्याचा व दुसऱ्यात पाय रोवून राहण्याचा अर्थ अनुस्यूत आहे. हीच जोडी अनुवाद ३१ मध्ये मोशेच्या तोंडीही आहे. म्हणजे हा शब्दप्रयोग अधिकार सोपवण्याच्या प्रसंगाशी बांधलेला दिसतो.

तीन आज्ञांचे विषय सारखे नाहीत. पहिलीचा विषय लोकांना देश वाटून देणे हा आहे. तिसरीत देवाच्या सोबतीची हमी आहे. मधली सर्वांत लांब असून तीत धैर्य शत्रूसाठी सांगितलेलेच नाही. नियमशास्त्रापासून उजवीडावीकडे न ढळण्यासाठी हिंमत धरायची आहे. त्यालाच जोडून हे शास्त्र रात्रंदिवस मुखी ठेवावे, असे म्हटले आहे. येथील ‘हागा’ या क्रियापदाचा अर्थ पुटपुटणे. यशया ग्रंथात ते सिंहाच्या गुरगुरण्याला व पारव्याच्या घुमण्यालाही वापरले आहे. मराठीत रूढ झालेल्या ‘मनन’ या शब्दात तो आवाज उरत नाही. ख्रिस्ती प्रवचनांत यहोशवाच्या शौर्याचा जो बोध सांगितला जातो त्याचा पाया येथे आहे : अंगी मुळात धाडस असावे अशी अपेक्षा नाही, काम सोपवले जाते आणि त्या कामापुरती हिंमत धरण्याची आज्ञा होते. भीती वाटू नये, असे वारंवार सांगावे लागते, यावरून ती वाटत होती, असा तर्क विवरणकार करतात. आय येथे ३६ माणसे पडली, तेव्हा यहोशवा कपडे फाडून जमिनीवर पालथा पडला व यार्देनच्या अलीकडेच राहिलो असतो तर बरे, असे म्हणाला. हा प्रसंग या तर्काला पुष्टी देतो.

याच सूत्राचे आणखी दोन प्रसंग बोधपर लेखनात नेहमी येतात. यरीहोजवळ उपसलेली तलवार घेतलेला पुरुष पाहून यहोशवाने विचारले, तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? उत्तराची सुरुवात ‘नाही’ या एका शब्दाने होते : तो परमेश्वराच्या सैन्याचा सरदार असतो (५:१३–१५). ध्येय आपले व देव आपल्या बाजूला, हा हिशोब येथे मोडतो. दुसरा प्रसंग गिबोनकरांचा. फाटक्या पखाली व बुरसलेल्या भाकरी दाखवून, आपण दूरदेशीचे आहोत, असे त्यांनी भासवले. यहोशवाने देवाचा सल्ला न घेता तह केला. फसवणूक उघड झाल्यावर मात्र दिलेली शपथ मोडली नाही. उलट त्यांच्या रक्षणासाठी पाच राजांशी लढाई केली.

‘बळकट हो, हिंमत धर’ ही आज्ञा या ग्रंथात आणखी एकदा येते (१०:२५). तेथे ती यहोशवा आपल्या सरदारांना देतो आणि त्या वेळी त्यांचे पाय पराभूत राजांच्या मानेवर ठेवलेले असतात. बोधपर पुस्तकांतून हे वचन बहुधा वगळलेले असते.

ख्रिस्ती विवरण : नव्या करारात यहोशवाला स्थान अल्प आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातील विश्वासवीरांच्या यादीत यरीहोचा तट पडल्याचा उल्लेख आहे, इस्राएली हेरांना आश्रय देणाऱ्या यरीहोतील राहाबेचे नावही आहे. पण यहोशवाचे नाव नाही. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात, यहोशवाने दिलेला विसावा अंतिम नव्हता, असे प्रतिपादन केले आहे.

दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरने ज्यू विद्वान ट्रायफोबरोबरच्या ‘संवादा’त नामसाम्याचा मुद्दा विस्ताराने मांडला. त्यापूर्वी, पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमच्या क्लेमेंटच्या पत्रात राहाबेच्या खिडकीतील किरमिजी दोरी ही ख्रिस्ताच्या रक्ताची खूण ठरली होती.

या परंपरेतील प्रमुख आधारग्रंथ म्हणजे ओरिगेनची यहोशवावरील २६ प्रवचने. ती तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ग्रीकमध्ये दिली गेली. आज ती रुफिनसच्या लॅटिन भाषांतरात उपलब्ध आहेत. ओरिगेनच्या मते पवित्र शास्त्रात ‘ईसूस’ हे नाव प्रथम येते ते सेनापतीचे म्हणून, आणि हे अर्थपूर्ण आहे. मोशे मरण पावला म्हणजे नियमशास्त्राचा अंमल संपला, यार्देन ओलांडणे म्हणजे बाप्तिस्मा, कनानी राजे म्हणजे माणसाच्या अंतःकरणात राज्य करणारे दुर्गुण, असा त्याचा अन्वय आहे. राग, लोभ, गर्व यांना त्यांच्या नगरांतून हुसकून लावणे हीच खरी मोहीम. मार्शियनचे अनुयायी जुन्या करारातील रक्तपाताकडे बोट दाखवून तो करारच नाकारत होते. ओरिगेन त्यांना उत्तर देत होता. ही प्रत्यक्ष युद्धे आध्यात्मिक युद्धांचे प्रतीक नसती, तर शांती शिकवणाऱ्या ख्रिस्ताच्या शिष्यांनी हे ग्रंथ मंडळीत वाचायला दिलेच नसते, असे तो पंधराव्या प्रवचनात म्हणतो. म्हणजे अडचण त्याने झाकली नाही. तिच्यावरच आपले विवरण उभारले. आजच्या ‘आपल्या आयुष्यातील यरीहो’ या धर्तीच्या प्रवचनांचा मूळ साचा ओरिगेनचाच आहे.

ऑगस्टीनने निराळी वाट घेतली. आय येथे दबा धरून केलेला हल्ला न्याय्य होता का, या प्रश्नाला, युद्ध न्याय्य असेल तर ते उघड लढले की छुप्याने याने फरक पडत नाही, असे उत्तर त्याने दिले. हा उतारा बाराव्या शतकात ग्रेशियनच्या धर्मविधिसंग्रहात गेला व न्याय्य युद्धाच्या चर्चेत आधार म्हणून चालत राहिला. जॉन कॅल्व्हिनचे यहोशवावरील भाष्य हे त्याचे अखेरचे. १५६४ मध्ये तो वारला. सूर्य थांबल्याच्या प्रसंगाची (१०:१२–१३) चर्चा गॅलिलिओने १६१५ च्या, ग्रँड डचेस क्रिस्टिना हिला उद्देशून लिहिलेल्या पत्रात केली आहे.

विजयकथेचा प्रश्न : संपूर्ण नगरांचा संहार करण्याच्या आज्ञा (हिब्रू ‘हेरेम’) हा ख्रिस्ती वाचकांपुढील जुना पेच आहे. काही जण त्या युद्धवर्णनाच्या तत्कालीन अतिशयोक्त शैलीचा भाग समजतात, काही जण शब्दशः घेतात. अमेरिकेतील वसाहतकारांनी स्वतःला इस्राएल व मूळ रहिवाशांना कनानी समजण्याचा प्रघात पाडला. ओसेज जमातीचे अभ्यासक रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी १९८९ च्या निबंधात, ही कथा कनानी लोकांच्या बाजूने वाचली तर काय दिसते, हा प्रश्न मांडला. दुसऱ्या बाजूला, यरीहोचा तट कोसळण्याची कथा अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांच्या भक्तिगीतांत मुक्तीची कथा झाली.

पुरातत्त्व : यरीहो येथे जॉन गार्स्टँग (१९३०–३६) यांना पडलेला तट यहोशवाच्या काळचा वाटला. कॅथलीन केन्यन यांनी १९५२–५८ मधील उत्खननातून तो बराच जुना ठरवला व नगराचा नाश सुमारे इ.स.पू. १५५० मध्ये नेला. आय म्हणून ओळखले जाणारे एत-तेल यहोशवाच्या संभाव्य काळी ओसाड होते, असे दिसते. हासोर येथे मात्र तेराव्या शतकातील मोठ्या आगीचे थर मिळाले आहेत. ‘इस्राएल’ हे नाव असलेला सर्वांत जुना सर्वमान्य लेख म्हणजे फेअरो मेर्नेप्ताहचा शिलालेख (सु. इ.स.पू. १२०८, शोध १८९६). इस्राएली वसाहत विजयातून, हळूहळू झालेल्या स्थलांतरातून की स्थानिक शेतकऱ्यांच्या उठावातून झाली, याविषयी विसाव्या शतकात तीन पक्ष होते. आज तिन्ही जसेच्या तसे फारसे कोणी मांडत नाही. ग्रंथाचे आजचे रूप पुष्कळ नंतरचे असावे, असे मत मार्टिन नोट यांच्या १९४३ च्या ग्रंथापासून प्रभावी आहे.

यहुदी व इस्लामी परंपरा : ‘पिर्के आवोत’नुसार मोशेकडून तोरा यहोशवाकडे व त्याच्याकडून वडीलजनांकडे आला. मोशेचे मुख सूर्यासारखे तर यहोशवाचे चंद्रासारखे, असे तालमूदात म्हटले आहे. सिम्हात तोरा या सणाला मोशेच्या मृत्यूचा उतारा वाचून झाल्यावर यहोशवाचा पहिला अध्याय वाचतात. इस्लामी परंपरेत तो यूशा इब्न नून या नावाने ओळखला जातो. कुराणात नावाने उल्लेख नाही.

कला : व्हॅटिकन ग्रंथालयातील दहाव्या शतकातील ‘यहोशवा गुंडाळी’ (सु. १० मी. लांब), फ्लॉरेन्समधील गिबेर्तीच्या कांस्यद्वारावरील एक चौकट, हँडलचे ‘जोशुआ’ हे ऑरेटोरियो (१७४८).

उपासनेतील स्थान : रोमन परंपरेत स्मरणदिन १ सप्टेंबर. कॅथलिक चर्चच्या तीन वर्षांच्या रविवार-वाचनचक्रात या ग्रंथातील दोनच उतारे आहेत : गिलगाल येथील वल्हांडण व शखेमचा करार. युद्धाचे अध्याय त्यात नाहीत.

मराठी भाषांतर : पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापले गेले (१९२४).

कुटुंब : बायबलमध्ये पत्नी वा मुलांचा उल्लेख नाही. तालमूदातील एका मताप्रमाणे त्याने राहाबेशी विवाह केला.

उत्तराधिकारी : मोशेने यहोशवावर हात ठेवले, तसे यहोशवाने कोणावर ठेवल्याची नोंद नाही. तो म्हातारा झाला आणि पुष्कळसा देश घ्यायचा राहिला आहे, असे तेराव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात देव त्याला सांगतो. तरी वाटप तेथूनच सुरू होते. पुढील शास्ते हा ग्रंथ, आता आधी कोणी चाल करून जावे, या लोकांच्या प्रश्नाने उघडतो.