तेलकट फरशी आणि कायद्यातील एक वाक्य

१/ चिंचवडच्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये पाऊल ठेवले की नाकाला प्रथम जाणवतो तो कूलंटचा वास आणि पायाला जाणवते ती फरशीची किंचित बुळबुळ. त्या फरशीवर माणूस घसरला, मनगट वा कंबर मोडली, तर भार कोणी सोसावयाचा? घसरणाऱ्याने की जागेच्या मालकाने? हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. आजचा धागा त्यावर.

२/ १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ३२ वे कलम सांगते की जमिनी, पायऱ्या, जिने व ये-जा करण्याच्या वाटा भक्कम बांधणीच्या असाव्यात, त्यांची नीट निगा राखली जावी, आणि अडथळा होईल किंवा माणूस घसरेल असे काहीही त्यांवर राहू देऊ नये. यातील घसरण्याविषयीचे शब्द मूळ कायद्यात नव्हते. ते १९७६ च्या दुरुस्तीने आले. एवढे साधे शब्द लिहावयास २८ वर्षे का लागावीत, याचे उत्तर शोधताना आपल्याला लंडनचा पूर, परळच्या सभा आणि नागपूरचे न्यायालय अशी बरीच भटकंती करावी लागते.

३/ आरंभ इंग्लंडात, १८३७ साली. एका खाटकाच्या पदरी असलेला नोकर जादा माल भरलेली गाडी मोडून पडला व त्याची मांडी मोडली. त्याने मालकावर दावा लावला. न्यायालयाचा कौल असा की नोकरीतले धोके नोकराने पत्करलेलेच असतात. याच प्रीस्टली विरुद्ध फाउलर खटल्यातून पुढे ‘सहकर्मी सिद्धान्त’ उभा राहिला : सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. आता गिरणीत चूक करणारा बहुधा दुसरा कामगारच असणार, मालक थोडाच साच्यावर उभा असतो! म्हणजे मालक जवळजवळ कायमचा मोकळा.

४/ गंमत पाहा, इंग्लंडातील न्यायालये बाहेरून आलेल्या माणसाशी अधिक उदार होती. लंडनच्या एका साखर कारखान्यात गॅसचे उपकरण तपासावयास आलेला कारागीर वरच्या मजल्यावरील उघड्या झडपेतून खाली पडला. साखरेची पोती चढवण्या-उतरवण्यासाठी ठेवलेली ती पोकळी जमिनीच्या पातळीत होती आणि तिला कठडा नव्हता. न्यायमूर्ती विल्स यांनी १८६६ साली ठरवले की कामानिमित्त आलेल्या माणसाला, ज्या असाधारण धोक्याची मालकाला जाणीव आहे किंवा असावयास हवी, त्यापासून वाजवी काळजी घेऊन वाचवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. इंडरमॉर विरुद्ध डेम्स हा तो खटला. जागेच्या मालकाच्या जबाबदारीचा आधुनिक कायदा येथून सुरू होतो, असे मानण्याचा प्रघात आहे.

५/ म्हणजे त्या काळच्या कायद्यात असे चमत्कारिक चित्र दिसते : तासाभरासाठी आलेला गॅसवाला पडला तर भरपाई, आणि तेथेच बारा तास राबणारा कामगार पडला तर त्याचे नशीब.

६/ आपल्याकडे १८५५ चा प्राणघातक अपघात अधिनियम होता. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने माणूस दगावला तर वारसांना दावा लावता येई. कागदावर ठीक. पण निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे, वकील द्यावा लागे, आणि साक्ष देणारा सोबती त्याच गिरणीत पोट भरत असे. शिवाय जो मेला नाही, नुसता लुळा झाला, त्याच्यासाठी या कायद्यात काहीच नव्हते. १८८१ चा पहिला कारखाने कायदा आला तो मुख्यतः मुलांच्या कामाच्या तासांपुरता. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे असे त्यात होते, पण इजा झालेल्याला पैसे द्यावेत असे नव्हते.

७/ आता परळ. सप्टेंबर १८८४. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी, स्वतः गिरणीत भांडारपालाचे काम केलेले, आणि घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातले. सभेतून निघालेल्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या आणि तो त्या वर्षीच्या कारखाना आयोगापुढे गेला.

८/ या अर्जातील रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात तीच येते. ती १८९० साली मान्यही झाली. त्याच अर्जातील दुसऱ्या एका मागणीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही : कामावर असताना इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तरतूद व्हावी.

९/ या मागणीत ‘मालकाची चूक असल्यास’ ही अट नाही. चूक कोणाची हा प्रश्नच लोखंड्यांनी बाजूला ठेवला. जर्मनीत बिस्मार्कचा अपघात विमा कायदा त्याच वर्षी, १८८४ साली झाला. ब्रिटनमध्ये असे तत्त्व १८९७ साली आले. परळच्या त्या अर्जाला या मालिकेत स्थान द्यावयास हवे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्लेगमध्ये लोखंडे गेले. मागणी तशीच राहिली.

१०/ पुढे जवळजवळ चाळीस वर्षे काही नाही. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली, १९२० साली मुंबईत आयटक उभी राहिली, आणि कामगारांची बाजू मांडणारे नारायण मल्हार जोशी मध्यवर्ती विधिमंडळात बसले. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई अधिनियम झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला.

११/ त्याचे मर्म एका वाक्प्रचारात आहे : अपघात ‘नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात’ उद्भवलेला असावा. बस्स. मालक निष्काळजी होता हे दाखवण्याची गरज नाही. दारूच्या अमलात असणे, सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडणे, संरक्षक साधन मुद्दाम काढणे, एवढेच अपवाद. फरशीवर तेल कोणी सांडले, हा प्रश्न येथे गळून पडला. रकमा मात्र तुटपुंज्या होत्या, आणि इजेनंतरचे पहिले काही दिवस कोरेच जात.

१२/ ज्याला त्याहून अधिक हवे त्याने दिवाणी दावा लावावा. पण तेथे तो सहकर्मी सिद्धान्त दबा धरून बसलेला होताच. १९३७ साली नागपूरच्या उच्च न्यायालयापुढे रेल्वे कर्मचाऱ्याच्या विधवेचा खटला आला : सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध रुक्मिणीबाई. मुख्य न्यायमूर्ती स्टोन यांनी तो सिद्धान्त नाकारला. ज्या नियमावर खुद्द इंग्लंडात टीका होते, तो न्याय, समता व सद्विवेक यांच्या नावाखाली हिंदुस्थानात का आणावा, असा त्यामागचा विचार. पुढच्याच वर्षी मालकांच्या जबाबदारीचा कायदा झाला आणि या सिद्धान्ताला आणखी कात्री लागली. नागपूरकरांनी अभिमानाने सांगावा असा हा निकाल आहे, पण सांगताना कोणी आढळत नाही.

१३/ आता तो पूर. ऑगस्ट १९५० च्या अखेरीस लंडनजवळच्या साउथॉल येथील मोठ्या बस कारखान्यात पावसाचे पाणी शिरले. यंत्रांना थंड ठेवणारे तेलकट द्रावण जमिनीतील पन्हळींतून वाहत असे. ते पाण्याबरोबर वर आले आणि पाणी ओसरल्यावर सगळी फरशी तेलाने माखली. व्यवस्थापनाने लाकडाचा भुसा पसरला. भुसा संपला, काही भाग तसाच राहिला. रात्रपाळीला लॅटिमर नावाचा कामगार जड पिंप ढकलताना तेथेच घसरला व त्याचा घोटा दुखावला.

१४/ ब्रिटिश कायद्यात तेव्हा एवढेच होते : फरशी भक्कम असावी व तिची निगा राखलेली असावी. १९५३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटले की निगा म्हणजे फरशीची स्वतःची अवस्था. तिच्यावर तात्पुरते तेल आले म्हणून फरशी नादुरुस्त ठरत नाही. शिवाय सगळा कारखाना बंद ठेवण्याइतका धोका मोठा नव्हता. लॅटिमर हरला. तर्क निर्दोष आहे, आणि तरीही वाचताना घशाखाली उतरत नाही.

१५/ आपले ३२ वे कलम त्याच ब्रिटिश वाक्यावर बेतलेले होते. अर्थात तीच पळवाट चिंचवडलाही लागू पडू शकली असती. ब्रिटनने १९६१ च्या कायद्यात घसरवणाऱ्या पदार्थांचा उल्लेख केला, पण ‘वाजवी रीतीने शक्य असेल तितके’ हे शब्द जोडून. आपण १९७६ साली तोच उल्लेख केला आणि ही सवलत त्या वाक्यात दिली नाही. जाणूनबुजून असेल वा सहज, भारतीय वाक्य अधिक कडक उतरले.

१६/ त्या वेळी चिंचवड कोठे होते? मोरया गोसावींचे हे पवनाकाठचे गाव कारखान्यांच्या गराड्यात आलेले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून, एमआयडीसी १९६२ पासून, नगरपालिका १९७० पासून. बजाज, टेल्को आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो शेड्स. तेल, बर, कूलंट आणि ओली फरशी यांचे एवढे दाट क्षेत्र राज्यात क्वचितच असेल.

१७/ बहुतेकांचा पैसा मात्र १९२३ च्या कायद्यातून आलाच नाही. तो आला ईएसआयमधून. १९४८ चा हा कायदा. मोहननगरचे रुग्णालय चिंचवडकरांच्या ओळखीचे. कामावर इजा झाली तर उपचार, आणि काम करता येत नाही तोवर सरासरी रोजच्या सुमारे ९० टक्के. बदल्यात कलम ५३ : ईएसआयखाली येणाऱ्याला त्याच इजेसाठी मालकाकडून दुसरी भरपाई मागता येत नाही, १९२३ च्या कायद्याखाली नाही आणि दिवाणी दाव्यानेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात यावर शिक्कामोर्तब केले. हा सौदा आहे. खात्रीचे थोडे घ्यावे आणि अनिश्चित मोठ्याचा हक्क सोडावा. ज्याची फरशी वर्षानुवर्षे तेलकट आहे, त्या मालकासाठीही तो सोयीचा आहे, हे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

१८/ कंत्राटी हेल्परचे काय? ‘तो आमचा नाही, ठेकेदाराचा’ हे वाक्य औद्योगिक पट्ट्यात रोज ऐकू येते. १९२३ च्या कायद्याचे १२ वे कलम त्याला पहिल्यापासून उत्तर देत आले आहे : मालकाच्या धंद्याचा भाग असलेले काम ठेकेदाराकरवी त्याच्या जागेत करून घेतले, तर भरपाई मूळ मालकाने द्यावी, मग हवी तर ठेकेदाराकडून वसूल करावी. अर्ज अपघातापासून २ वर्षांत करावयाचा. दहाहून कमी माणसांच्या, ईएसआयबाहेरच्या शेडलाही हा कायदा लागू पडे.

१९/ फाटकाबाहेरच्या माणसाला असा सरळ रस्ता नाही. ब्रिटनने १९५७ साली जागेच्या ताबेदाराच्या जबाबदारीचा वेगळा कायदा केला, आपण केला नाही. दुकानात, इमारतीत, जिन्यावर पडलेला माणूस आजही १८६६ च्या त्या गॅसवाल्याच्या तत्त्वावर दिवाणी न्यायालयात जातो, किंवा ग्राहक म्हणून ग्राहक आयोगाकडे. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळला. इमारत ८० वर्षांची, चुन्याचे आयुष्य निम्मे. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली सांगितले की रस्त्यालगतच्या इमारतीतील दोष दिसत नव्हता, ही सबब चालणार नाही. आणि १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, इजेस ५० हजार ते अडीच लाख रुपये ठरवून दिले.

२०/ घरून कारखान्याकडे निघालेल्याचे काय, हाही जुना वाद. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीस निघाला आणि कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली : वेळ, ठिकाण व नोकरी यांचा सांधा जुळत असेल तर वाटही नोकरीच्या ओघात येते. कुटुंबाला २२ वर्षे लागली.

२१/ २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. १९२३ चा कायदा आणि ईएसआय सामाजिक सुरक्षा संहितेत गेले, ये-जा करतानाचा अपघातही तेथे आला. कारखाने अधिनियम मात्र व्यावसायिक सुरक्षा संहितेत विरला, आणि फरशीसारखे तपशील कायद्यातून काढून मानके व नियम यांवर सोपवले गेले. ३२ व्या कलमातले ते घसरण्याविषयीचे शब्द आता संसदेच्या कायद्यात नाहीत. नियमांत ते कोणत्या रूपाने उतरतात, ‘वाजवी रीतीने शक्य’ ही शेपटी त्यांना लागते की नाही, हे शॉपमधल्या सुरक्षा समितीवर बसणाऱ्याने मसुदा हाती घेऊन तपासावे.