परदेशी भन्ते भारताचे नागरिक कसे होतात? नागरिकत्वाचा अर्ज आणि आपल्या विहारांची जबाबदारी

भारताचे पासपोर्ट नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. देवळाली कॅम्पच्या वस्त्यांमध्ये प्रेसमध्ये नोकरी केलेले एखादे तरी घर सापडतेच. पण परदेशी माणूस भारताचा नागरिक कसा होतो, असा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात निघाला की उत्तरे ठरलेली येतात. आधार कार्ड मिळाले की झाले. भारतीय माणसाशी लग्न केले की झाले. आणि अलीकडे, बौद्ध असल्याचा दाखला दिला की झाले. पहिले उत्तर साफ चूक आहे. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधारच्या कायद्यातच लिहिले आहे. दुसरे अर्धवट आहे. तिसऱ्यामुळे मात्र आपल्या विहारांवर आणि संस्थांवर एक जबाबदारी येऊन पडली आहे आणि तिची पुरेशी चर्चा आपल्याकडे झालेली नाही.

ससाई भन्तेंचे प्रकरण

आंबेडकरी चळवळीला हा विषय परका नाही. दीक्षाभूमीवर ज्यांना आपण वर्षानुवर्षे पाहत आलो, ते भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई जन्माने जपानी. १९३५ साली जपानमध्ये जन्म, १९६६ साली भारतात आगमन. राजगीरच्या शांतिस्तूपाच्या कामात त्यांनी फुजी गुरुजींना मदत केली आणि मग नागपूर गाठले. तिथे त्यांची गाठ वामनराव गोडबोले यांच्याशी पडली. १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या आयोजनाचा भार ज्यांनी उचलला, तेच हे गोडबोले. सुरुवातीला लोकांना हा जपानी भिक्खू विचित्र वाटला. मग भन्ते 'जयभीम' म्हणू लागले, विहार उभे करू लागले, आणि नागपूरचे झाले.

कागदावर मात्र ते परदेशीच होते आणि व्हिसाची मुदत उलटून गेली होती. त्यांना देशाबाहेर काढण्यासाठी खटला चालला. समाज त्यांच्या पाठीशी उभा राहिला. १९८७ मध्ये तो खटला फेटाळला गेला आणि त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. १९९२ पासून महाबोधी महाविहाराच्या मुक्तीसाठी त्यांनी उभे केलेले आंदोलन आणि २००३ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगावर झालेली त्यांची नियुक्ती, हे सगळे त्यानंतरचे. व्हिसावर राहणाऱ्या पाहुण्याला यातले काही करता आले असते, असे आम्हाला वाटत नाही.

ही हकिकत आपण अभिमानाने सांगतो, पण तिची कायद्याची बाजू सांगायची राहून जाते. आज एखादे जपानी, श्रीलंकन किंवा थाई भन्ते त्याच परिस्थितीत सापडले, तर त्यांच्या अर्जाचा विचारही होऊ शकणार नाही. तसे का, हे समजण्यासाठी आधी अर्जाचा रस्ता पाहू.

अर्जाचा रस्ता

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना नागरिकत्व कायदा, १९५५ मधले पाच मार्ग पाठ असतात: जन्म, वंश, नोंदणी, स्वीकृती आणि प्रदेशाचे विलीनीकरण. शेवटच्या मार्गाने १९६२ च्या आदेशान्वये गोव्याचे लोक भारतीय झाले. अर्ज करावा लागतो तो नोंदणीसाठी (कलम ५) किंवा स्वीकृतीसाठी (कलम ६, कायद्याच्या मराठीत देशीयकरण). भारतीय नागरिकाशी विवाह केलेली व्यक्ती नोंदणीच्या मार्गाने जाते, पण अर्जाआधी सात वर्षे भारतात वास्तव्य हवे. नुसत्या लग्नाने नागरिकत्व मिळत नाही.

ज्याचे भारताशी रक्ताचे किंवा लग्नाचे नाते नाही, त्याच्यासाठी स्वीकृतीचा मार्ग. अर्जाच्या लगेच आधीचे सलग १२ महिने भारतात आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी एकूण ११ वर्षे भारतात, अशी वास्तव्याची अट आहे. १९५५ च्या मूळ कायद्यात हीच अट सगळी मिळून पाच वर्षांची होती. पुढच्या दुरुस्त्यांनी ती दहा आणि मग बारा वर्षांवर नेली. याशिवाय चारित्र्य चांगले हवे आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी यायला हवी. मराठी चालते. पाली चालत नाही, कारण तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला असला तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. त्रिपिटक मुखोद्गत असलेल्या भन्तेंनाही कायद्यासाठी मराठी किंवा हिंदी शिकावी लागेल.

विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांत असामान्य सेवा केलेल्या व्यक्तीला केंद्र सरकार या अटींतून सूट देऊ शकते. तो अपवाद आहे आणि त्याच्या भरवशावर कोणाला अर्ज करायला लावू नये.

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागदपत्रांसह जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा. अर्जदाराच्या चारित्र्याविषयी भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे आणि भाषेचे दाखले सोबत लागतात. तिथून तो राज्य सरकारमार्फत केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. मधल्या काळात पोलीस आणि सुरक्षा यंत्रणांची चौकशी होते. मंजुरी मिळाली तर मूळ देशाचे नागरिकत्व सोडायचे, राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यायची, मग प्रमाणपत्र. कलम १४ प्रमाणे सरकार अर्ज नाकारू शकते आणि नाकारण्याचे कारण देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. सर्व अटी पूर्ण केल्या म्हणजे नागरिकत्व मिळालेच, असे इथे नसते.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, हे शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनीही लक्षात ठेवावे. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की कलम ९ प्रमाणे भारताचे संपते. त्यानंतर मिळणारे ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

दार कुठे बंद झाले

२००३ च्या दुरुस्तीने कायद्यात 'बेकायदेशीर स्थलांतरित' ही व्याख्या आणली. वैध कागदांशिवाय आलेला, किंवा वैध कागदांवर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेला परदेशी माणूस या व्याख्येत बसतो. असा माणूस नोंदणी किंवा स्वीकृती, दोन्हींपैकी कशासाठीही पात्र नाही. व्हिसा संपल्यावरही राहिलेले भन्ते आज याच व्याख्येत अडकतील. मग वास्तव्य वीस वर्षांचे असो की चाळीस, आणि पाठीशी अख्खे शहर असो.

२०१९ च्या दुरुस्तीने, म्हणजे सीएएने, या बंदीतून काही लोकांना वगळले. त्यात बौद्धांचे नाव आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे गैरसमज पसरला. सवलत फक्त अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना आहे. त्यांना ११ ऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य पुरते. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, जपान, तिबेट यांपैकी एकही देश यादीत नाही. जगातल्या बौद्धांची मोठी लोकसंख्या जिथे राहते, ते देशच यात नाहीत. बांगलादेशातल्या चाकमा आणि बरुआ बौद्धांना ही तरतूद लागू होऊ शकते, पण इनर लाइन परवान्याचे प्रदेश आणि सहाव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रे तिच्यातून वगळली आहेत. अरुणाचल प्रदेशात इनर लाइन आहे, आणि नागरिकत्वासाठी झगडणारे चाकमा तिथेच आहेत.

धर्म पाहून नागरिकत्व देण्याला आमचा विरोध आहे, आणि यादीत बौद्धांचे नाव असल्याने तो कमी होत नाही. हा वाद संविधान सभेतही झाला होता. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली, तेव्हा दुसरे एक कलम सोडले तर या कलमाने मसुदा समितीला जितका त्रास दिला तितका अन्य कोणत्याही कलमाने दिला नाही, अशा आशयाचे बाबासाहेब बोलले होते. त्याच चर्चेत आपल्या विदर्भाच्या पंजाबराव देशमुखांनी सुचवले होते की, दुसऱ्या कोणत्या देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू आणि शीख, तो कुठेही राहत असला तरी, भारताच्या नागरिकत्वाला पात्र मानावा. सभेने ही सूचना स्वीकारली नाही.

सभेने स्वीकारलेल्या तरतुदींचा अर्थ देवळाली कॅम्पमध्ये जिवंत आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे इथे वसली आणि इथलीच झाली. कलम ६ मध्ये त्यांच्या धर्माचा उल्लेख नाही. स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म अविभाजित भारतात झालेला असावा. १९ जुलै १९४८ च्या आधी आलेला माणूस इथे राहत असेल तर नागरिक. त्यानंतर आलेल्याने सहा महिने राहून अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि नोंद करून घ्यायची. ही कलमे २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली; २६ जानेवारीची वाट पाहिली नाही. लाखो निर्वासितांच्या काळात सहा महिने पुरत होते.

अर्ज करायचा, की हक्क सांगायचा?

कार्यकर्त्यांनी कोणालाही फॉर्म भरायला लावण्याआधी हा प्रश्न विचारला पाहिजे. काही लोकांना अर्जाची गरजच नसते, ते आधीच नागरिक असतात.

हिवाळ्यात नाशिकच्या तिबेटियन मार्केटमध्ये आपण स्वेटर घेतो. महाराष्ट्रात तिबेटी निर्वासितांची वसाहतही आहे: गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नॉर्ग्येलिंग, जी १९७२ मध्ये, जिल्हा भंडारा असताना वसली. कलम ३ प्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक आहे. आईवडील कोण होते हे पाहायचे नाही. तरी तिबेटींना पासपोर्ट नाकारले जात. १९८६ मध्ये कांगड्यात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१० मध्ये न्यायालयाने त्यांना नागरिक मानले. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने हे तत्त्व इतर तिबेटींनाही लागू केले आणि २०१७ मध्ये पासपोर्ट कार्यालयांना तशा सूचना गेल्या. अशा व्यक्तीकडून स्वीकृतीचा अर्ज भरून घेणे म्हणजे तिला स्वतःच्या हाताने परदेशी ठरवणे.

१ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक जण नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघे नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसलेला, अशी अट आली. आपल्या वस्तीतल्या मुलांच्या जन्मनोंदी आणि आईवडिलांचे कागद जपायचे ते यासाठीही. कॅम्पच्या हद्दीतल्या जुन्या नोंदी छावणी परिषदेकडे शोधाव्या लागतात.

चाकमांची गोष्ट अर्जाची आहे. काप्ताई धरणात जमिनी बुडाल्या, छळ झाला, आणि १९६४ पासून ते भारतात आले. सरकारनेच त्यांना आजच्या अरुणाचलात वसवले. त्यांनी कलम ५ खाली अर्ज केले, पण स्थानिक कार्यालयांतून ते केंद्राकडे पोहोचतच नव्हते. ९ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आलेला अर्ज अडवून ठेवता येणार नाही, तो पुढे पाठवावाच लागेल. आणि कलम २१ चे जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. २०१५ मध्ये न्यायालयाने नागरिकत्वाची प्रक्रिया तीन महिन्यांत पूर्ण करण्याचा आदेश दिला. तरीही प्रश्न सुटलेला नाही. यातून कार्यकर्त्याच्या कामाची गोष्ट एकच: अर्ज दिल्याची पोच घ्या आणि तो दिल्लीला गेला का, हे लेखी विचारा.

विहाराने काय करावे

परदेशी भन्ते विहारात मुक्कामाला येणार असतील, तर त्यांची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवणे ही उतरवून घेणाऱ्याची जबाबदारी आहे. हा नियम हॉटेलसारखाच विहारालाही लागू आहे, हे अनेक विश्वस्तांना ठाऊक नसते. कॅम्पचा परिसर लष्करी आहे, त्यामुळे इथे ढिलाई अधिक महागात पडते. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. पर्यटक व्हिसावर आलेल्या भन्तेंची गावोगाव प्रवचने ठेवू नयेत; तो व्हिसा धर्मप्रचारासाठी नसतो. मुदत संपायच्या पुरेशी आधी वाढीचा अर्ज गेला पाहिजे. एक दिवस जास्त राहिल्याने पुढे काय अडचण होऊ शकते, ते वर आलेच आहे.

आता दाखल्याचे. ११ मार्च २०२४ च्या नियमांनुसार सीएएखालील अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जात नाही. टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समिती कागद तपासते, शपथ देते, आणि निर्णय जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील राज्य समिती घेते. अर्जदार अमुक धर्माचा आहे, असा दाखला स्थानिक पातळीवरील प्रतिष्ठित समाजसंस्थेने द्यायचा असतो. बौद्धांच्या बाबतीत अशी विचारणा विहाराकडे किंवा धम्मसंस्थेकडे येऊ शकते. आमचे मत असे की कायद्याला विरोध असला तरी पात्र माणसाला दाखला नाकारू नये. राज्य नसलेल्या माणसाची अडचण आपल्या भूमिकेपेक्षा मोठी आहे. पण कोणी ओळखीने, राजकीय दबावाने किंवा पैसे देऊन मागितला म्हणून तो देऊही नये. खोटा दाखला अर्जदाराला बुडवतो आणि संस्थेलाही. व्यक्ती किती वर्षांपासून परिचयाची आहे, विहारात येते का, कोणत्या उपासकांनी ओळख पटवली, एवढेच लिहावे. तारखा, देश आणि प्रवेशाचा दिवस याविषयी संस्थेने लिहू नये; ते सिद्ध करण्याचे कागद वेगळे आहेत. विश्वस्तांच्या सभेत ठराव करावा, दाखल्याला जावक क्रमांक द्यावा आणि प्रत दप्तरात ठेवावी.