टपाल ठेवायची जागा

कचेरीतले टपाल कुठे ठेवायचे, हा प्रश्न कारकुनाचा. इतिहासकाराचा त्याच्याशी संबंध नाही, असे आपण धरून चालतो. ई-मेलच्या बाबतीत तरी तसे म्हणता येत नाही.

१९६५ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी सीटीएसएस या सामायिक संगणकप्रणालीसाठी 'मेल' ही आज्ञा लिहिली, तेव्हा हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. संगणक एक, त्याला जोडलेली टर्मिनल्स अनेक. प्रत्येकाचा कप्पा त्या एकाच संगणकात, आणि आलेले पत्र त्या कप्प्यातल्या 'मेल बॉक्स' नावाच्या फाइलीत. माणूस कुठेही बसला तरी त्याचे टपाल त्याला मिळे.

पुढे टेबलाटेबलावर स्वतंत्र पीसी आले आणि ही सोय मोडली. विंडोज एनटीने त्यावर 'रोमिंग प्रोफाइल'चा तोडगा काढला. कर्मचाऱ्याची सगळी मांडणी सर्व्हरवर राही. लॉग-इन केले की समोरच्या मशीनवर उतरे, लॉग-आउट केले की बदलांसह परत जाई. पण आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे टपालाचे गाठोडे, फुगत जाई. ते रोज सकाळ-संध्याकाळ वाहून न्यायचे तर नेटवर्क मेटाकुटीला आले असते. म्हणून विंडोज २०००मध्ये ही फाइल मुळातच 'लोकल सेटिंग्ज' या मशीनवरच राहणाऱ्या फोल्डरात ठेवली जाई. जागा बदललेल्या माणसामागे त्याची मांडणी येई, पण त्या गाठोड्यातली पत्रे मागेच राहत. आणि ते मशीन भंगारात गेले, तर पत्रेही गेली! फाइल सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरात ठेवून तिथूनच वापरावी, तर मायक्रोसॉफ्टचा त्याला विरोध, कारण अशाने फाइल बिघडू शकते. जुन्या पद्धतीच्या पीएसटीला शिवाय दोन जीबीची मर्यादा होतीच.

हीच पीएसटी व्हाइट हाउसमध्ये दफ्तरखाना बनली, ही या इतिहासातली सर्वांत बोलकी घटना.

त्याची पार्श्वभूमी जुनी आहे. नोव्हेंबर १९८६मध्ये इराण-कॉन्ट्रा प्रकरण उघडकीस येत असताना जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ यांनी आयबीएमच्या 'प्रॉफ्स' प्रणालीतले आपले संदेश पुसले. एकट्या पॉइंडेक्स्टर यांचे पाच हजारांहून अधिक होते. पण संदेश मध्यवर्ती संगणकावर होते आणि त्याच्या बॅकअप टेप शिल्लक होत्या. चौकशी करणाऱ्यांना ते त्यांतून मिळाले. जानेवारी १९८९मध्ये स्कॉट आर्मस्ट्राँग आणि नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह न्यायालयात गेले आणि १९९३ साली ई-मेल हेही जपण्याजोगे सरकारी दस्तऐवज ठरले. क्लिंटन यांच्या काळात 'आर्म्स' ही आपोआप नोंद ठेवणारी यंत्रणा उभी राहिली.

बुश यांच्या कारकिर्दीत, २००२ नंतर, व्हाइट हाउस लोटस नोट्सवरून आउटलुक-एक्स्चेंजकडे वळले. 'आर्म्स'चा या नव्या प्रणालीशी मेळ बसला नाही. तात्पुरती सोय म्हणून संदेश पीएसटी फाइलींमध्ये भरून सर्व्हरवर ठेवण्यात येऊ लागले, आणि हे काम बरेचसे हाताने चाले. तात्पुरत्या सोयी कचेरीत किती टिकतात, हे सांगायला नकोच. २००५च्या मध्यापर्यंत त्या फाइलींपर्यंत राष्ट्राध्यक्ष कार्यालयाच्या नेटवर्कवरील कोणालाही पोहोचता येत होते, असे तिथल्या एका माजी अधिकाऱ्याने पुढे संसदीय समितीला लेखी कळवले. त्याच वर्षीच्या अंतर्गत तपासणीत असे शेकडो दिवस आढळले, ज्या दिवशीची एखाद्या ना एखाद्या विभागाची एकही ई-मेल सापडत नव्हती. इराक युद्ध याच काळातले.

१९८६मध्ये पुसणारे हात होते, निदान दोषी कोण ते कळत होते. इथे बऱ्याच अंशी कोणी काही पुसलेही नव्हते. २००७मध्ये दोन संस्थांनी खटले भरले आणि डिसेंबर २००९मध्ये तडजोड झाली, तेव्हा २ कोटी २० लाख ई-मेल मिळाल्याचे जाहीर झाले. त्या चुकीच्या नोंदींखाली पडून होत्या. उरलेल्यांपैकी ९४ दिवसांचे टपाल पुन्हा बॅकअप टेपांमधून काढायचे ठरले.